ट्रफाल्गर चौकातील हॅवलॉकचा पुतळा: थांबून पाहावा की ओलांडून पुढे जावे?

निळीशाई

नमस्कार. येत्या उन्हाळ्यात आम्ही लंडनला जाणार आहोत. सोबत माझी आई आणि आठवीत शिकणारी भाची आहे. ट्रफाल्गर चौक सगळ्यांच्या यादीत असतो, तसा तो आमच्याही यादीत आहे. नेल्सनचा स्तंभ, पायथ्याचे चार सिंह, कारंजी आणि मागची नॅशनल गॅलरी एवढे पाहून बहुतेक प्रवासी पुढे जातात. नकाशा पाहताना मात्र माझे लक्ष चौकाच्या आग्नेय कोपऱ्याकडे गेले. तेथे मेजर जनरल सर हेन्री हॅवलॉक याचा पुतळा आहे. १८५७ च्या जुलै महिन्यात अलाहाबादहून निघून फत्तेपूर, औंग, पांडू नदी आणि कानपूर येथे नानासाहेब पेशव्यांच्या फौजेला हरवणारा आणि ज्याच्या सैन्याने नंतर बिठूरचा वाडा जाळला, तो सेनापती हाच. नैर्ऋत्य कोपऱ्यात सर चार्ल्स नेपिअरचा पुतळा आहे. त्याने १८४३ मध्ये सिंध जिंकला आणि काही वर्षांतच तो प्रांत मुंबई इलाख्याला जोडला गेला.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. अशा स्मारकापुढे मराठी माणसाने थांबावे का, आणि थांबलो तर तेथे नेमके काय पाहावे? दुसरे असे की, शाळेत १८५७ चा लढा शिकणाऱ्या मुलीला त्या पुतळ्यापुढे उभे करून काय सांगावे? माझे स्वतःचे मत थांबावे असे आहे. ज्यांनी आपल्याशी युद्ध केले त्यांनी स्वतःची आठवण कशी जपली आहे, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आपल्या बाजूची आठवणही पुरती कळत नाही, असे मला मनापासून वाटते. तेथे जाऊन आलेल्यांनी कृपया लिहावे.

थेम्सकाठ

विषय काढल्याबद्दल आभार. मी बरीच वर्षे लंडनमध्ये राहतो आणि कामावर जाताना हा चौक ओलांडतो. आधी जागेची कल्पना देतो, म्हणजे पुढची चर्चा समजायला सोपी जाईल.

चौकाची उत्तरेकडील बाजू उंच आहे. नॅशनल गॅलरीसमोरच्या त्या गच्चीवरून पायऱ्या उतरल्या की आपण मुख्य चौकात येतो. दक्षिणेला नेल्सनचा स्तंभ आहे आणि स्वतः नेल्सन व्हाइटहॉलच्या दिशेने तोंड करून उभा आहे. चार कोपऱ्यांना चार मोठे चौथरे आहेत. ईशान्येला घोड्यावर बसलेला चौथा जॉर्ज, आग्नेयेला हॅवलॉक, नैर्ऋत्येला नेपिअर. वायव्येचा चौथरा चौथ्या विल्यमच्या अश्वारूढ पुतळ्यासाठी बांधला होता, पण पैसे पुरले नाहीत आणि तो दीड शतक रिकामाच राहिला.

हॅवलॉकचा ब्राँझचा पुतळा विल्यम बेन्स याने घडवला आणि तो १८६१ मध्ये उभा राहिला. हॅवलॉक २४ नोव्हेंबर १८५७ रोजी लखनौला आमांशाने मरण पावला, म्हणजे मृत्यूनंतर चार वर्षांच्या आत त्याला राजधानीच्या मुख्य चौकात जागा मिळाली. त्या काळी ब्रिटनमध्ये त्याच्याविषयी केवढा उमाळा होता, हे यावरून लक्षात येईल. छायाचित्रावरून घडवलेल्या सुरुवातीच्या पुतळ्यांमध्ये याची गणना करतात.

चौथरा अवश्य वाचा. हॅवलॉक आणि '१८५७ च्या हिंदुस्थानातील मोहिमेतील त्याचे शूर सहकारी' यांना हे स्मारक अर्पण केले आहे, आणि खाली त्याचे सैनिकांना उद्देशून उद्गार आहेत: तुमचे कष्ट, तुमच्या हालअपेष्टा, तुमच्या यातना आणि तुमचे शौर्य कृतज्ञ देश विसरणार नाही. त्याच्यासोबत लढलेल्या पलटणींचीही नोंद आहे. कानपूर कोणाकडून घेतले, समोर कोण होते, याविषयी मात्र एक अक्षर नाही. नानासाहेबांचे नाव तेथे शोधू नका, ते सापडणार नाही.

कऱ्हाकाठी

माझे मत वेगळे आहे आणि ते मी स्पष्ट लिहितो. मी त्या चौकात गेलो होतो आणि त्या पुतळ्यापाशी थांबलो नाही. नानासाहेबांचा जन्म कर्जतजवळच्या वेणगावचा. दुसऱ्या बाजीरावांनी त्यांना बिठूरला दत्तक घेतले आणि १८५१ मध्ये बाजीराव वारल्यावर डलहौसीने आठ लाखांचा तनखा बंद केला. ज्या माणसाने त्यांचे घर जाळले आणि त्यांना नेपाळच्या तराईत परागंदा व्हायला भाग पाडले, त्याच्यासमोर मी कॅमेरा घेऊन उभा राहणार नाही. पुतळा ही अखेर मान देण्याची जागा असते. तेथे थांबणे म्हणजे त्या मानात नकळत सहभागी होणेच आहे, असे मला वाटते.

पानगळ

कऱ्हाकाठी यांच्या भावनेचा आदर आहे, पण थांबणे आणि मान देणे या दोन क्रिया मला वेगळ्या वाटतात. न्यायालयात साक्षीदारही उभाच राहतो.

जुनेकागद

या मोहिमेविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण चौथऱ्यावर जे लिहिलेले नाही ते मनात घेऊन गेले तरच त्या भेटीला अर्थ आहे.

हॅवलॉक हा तरुण वयात झपाट्याने वर चढलेला सेनानी नव्हता. त्याचा जन्म १७९५ चा, सण्डरलँडजवळचा. बढती विकत घेण्याइतका पैसा नसल्याने तो वर्षानुवर्षे कनिष्ठ हुद्द्यांवरच राहिला. पहिल्या अफगाण युद्धात जलालाबादच्या वेढ्यात तो होता. १८४३ च्या डिसेंबरात ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या फौजेविरुद्ध महाराजपूरला झालेल्या लढाईतही तो होता, म्हणजे मराठी सैन्याशी त्याची गाठ कानपूरच्या आधीच पडली होती. सेरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन यांचा तो जावई. १८५७ च्या आरंभी तो इराणच्या मोहिमेवर होता, तेथून परतताच त्याला अलाहाबादला पाठवले गेले.

७ जुलैला तो सुमारे हजारभर गोरे सैनिक आणि शिखांची एक छोटी तुकडी घेऊन निघाला. पावसाळा होता, पटकी आणि उष्माघाताने माणसे पडत होती. १२ जुलैला फत्तेपूर, १५ ला एकाच दिवशी औंग आणि पांडू नदी, १६ ला कानपूर. दहा दिवसांत सुमारे दोनशे किलोमीटर चाल आणि चार लढाया. सैनिकी दृष्टीने ही कामगिरी मोठी होती, हे मान्य करायला आपण कचरू नये.

पण या चालीच्या दोन्ही टोकांना रक्त आहे. २७ जूनला कानपूरच्या सतीचौरा घाटावर, सुरक्षित जाऊ देण्याचे वचन दिलेल्या इंग्रजांवर हल्ला झाला. वाचलेल्या बायका आणि मुले कानपूरच्याच बीबीघर नावाच्या घरात ठेवली होती. १५ जुलैला, हॅवलॉकची फौज जवळ आल्यावर, अशा सुमारे दोनशे जणांना ठार करून विहिरीत टाकले गेले. या हत्येचा हुकूम खुद्द नानासाहेबांचा होता का, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे, पण ती झाली हे निर्विवाद आहे. दुसरीकडे कर्नल नील याने त्याआधीच अलाहाबाद आणि आसपासच्या गावांत बेछूट फाशीसत्र चालवले होते. हॅवलॉकच्या पुढे पाठवलेल्या तुकडीने तर वाटेवरच्या झाडांना माणसे टांगत मजल मारली. बीबीघरानंतर नीलने कैद्यांना फासावर चढवण्यापूर्वी तेथील वाळलेले रक्त साफ करायला, जिभेने चाटायला लावले. पाहणाऱ्याने दोन्हींपैकी एकच गोष्ट लक्षात ठेवली तर तो अर्धाच इतिहास घेऊन परत येतो.

आता या चौकातील एक दुवा, जो मला फार महत्त्वाचा वाटतो. नेल्सनच्या पायथ्याचे सिंह चित्रकार एडविन लँडसिअर याने घडवले. ते १८६७ मध्ये, म्हणजे नेल्सनचा पुतळा वर चढल्यानंतर जवळजवळ पाव शतकाने बसवले गेले. त्यांचे ओतकाम कार्लो मारोकेट्टी या शिल्पकाराच्या कार्यशाळेत झाले. याच मारोकेट्टीने कानपूरच्या बीबीघराच्या विहिरीवरील देवदूताची संगमरवरी मूर्ती घडवली होती. स्वातंत्र्यानंतर ती मूर्ती तेथून काढून कानपूरच्या मेमोरिअल चर्चच्या आवारात नेली गेली, आणि विहिरीभोवतीची बाग आज नानाराव पार्क म्हणून ओळखली जाते. तेथे तात्या टोप्यांचा पुतळा आहे. ज्या सिंहांपुढे आपली मुले हसत छायाचित्र काढतात, त्यांचा कानपूरशी असा संबंध आहे.

सागरगोटा

मारोकेट्टीचा दुवा ठाऊक नव्हता. हा प्रतिसाद वाचनखुणेत साठवत आहे.

दर्यावर्दी

चर्चा हॅवलॉकवर आहे, तरी ज्याच्या नावाने तो चौक भरून राहिला आहे त्या नेल्सनविषयीही लिहायला हवे, कारण त्याचाही मुंबईशी खरा संबंध आहे.

नेल्सन किशोरवयात सीहॉर्स या जहाजावर होता. १७७५ च्या आरंभी कंपनीची रोकड मुंबईला पोहोचवण्यासाठी ते जहाज निघाले असता १९ फेब्रुवारीला हैदर अलीच्या दोन गलबतांनी त्यावर हल्ला केला. नेल्सनने पाहिलेली ही पहिली चकमक. पुढच्याच वर्षी तापाने खंगून तो मायदेशी परत गेला. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गरच्या भूशिराजवळ त्याच्या २७ युद्धनौकांनी फ्रान्स आणि स्पेनच्या ३३ नौकांचा पराभव केला, स्वतःची एकही नौका न गमावता. त्यात तो गोळी लागून मेला.

स्तंभाच्या चौथऱ्यावर चार बाजूंना नेल्सनच्या चार लढायांची ब्राँझची उठावचित्रे आहेत: सेंट व्हिन्सेंट, नाईल, कोपनहेगन आणि ट्रफाल्गर. ती जिंकून आणलेल्या फ्रेंच तोफांच्या धातूची आहेत. दक्षिणेकडच्या चित्रात नेल्सनचा मृत्यू दाखवला आहे. त्यात डाव्या अंगाला बंदूक घेतलेला एक कृष्णवर्णीय खलाशी आहे, तो जरूर शोधा. त्या आरमारात केवळ इंग्रज नव्हते, हे शिल्पकाराने १८४० च्या दशकातच दाखवून ठेवले आहे.

मुंबईच्या गोदीचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. नेल्सनचे युद्ध ओकच्या लाकडावर लढले गेले, पण त्यानंतर ब्रिटिश आरमाराने मलबारी सागाची जहाजे मुंबईला वाडिया घराण्याकडून बांधून घेतली. जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेली आणि १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेली ट्रिंकोमाली ही युद्धनौका आजही इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूलला तरंगते आहे. लंडनहून ते दूर आहे, पण आपल्या माणसांच्या हातचे काम परदेशात पाहायचे असेल तर माझ्या मते ते पहिल्या क्रमांकाचे ठिकाण आहे.

निळीशाई

सर्वांचे आभार. जुनेकागद आणि दर्यावर्दी यांचे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. तिने लगेच विचारले की, नानासाहेबांच्या बाजूने कोणी कधी या शहरात येऊन बोलले होते का?

जुनेकागद

उत्तम प्रश्न. होय. तनखा बंद झाल्यावर नानासाहेबांनी अजीमुल्ला खानांना वकील म्हणून लंडनला पाठवले. ते १८५३ च्या सुमारास तेथे पोहोचले आणि त्यांनी कंपनीच्या संचालकांपुढे गाऱ्हाणे मांडले, पण ते फेटाळले गेले. परतीच्या वाटेवर त्यांनी क्रिमियाच्या युद्धात इंग्रजी सैन्याची दैना स्वतः पाहिली. म्हणजे नानासाहेबांचा माणूस लंडनमध्ये वावरत होता तेव्हा नेल्सनचा स्तंभ उभा होता आणि आग्नेय कोपऱ्यातील चौथऱ्यावर हॅवलॉक अजून आला नव्हता. त्या अर्जाला वेगळे उत्तर मिळाले असते तर तो आलाही नसता, असे मानायला जागा आहे.

पुढे पन्नास वर्षांनी याच शहरात हायगेटच्या इंडिया हाऊस या हिंदी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहून सावरकरांनी १८५७ चा अभ्यास केला, आणि १९०८ च्या १० मे रोजी तेथे त्या लढ्याचा स्मृतिदिन साजरा झाला. इंडिया हाऊसच्या त्या घरावर आज सावरकरांच्या नावाची निळी पाटी आहे. ट्रफाल्गर चौक आणि ते घर एकाच दिवशी पाहता येते.

कोरांटी

मग हे पुतळे हटवावेत की ठेवावेत, हा मूळ प्रश्न उरतोच. २००० साली लंडनचे महापौर केन लिव्हिंग्स्टन यांनी नेपिअर आणि हॅवलॉक या दोघांना चौकातून हलवावे असे सुचवले होते. हे दोन सेनापती कोण आणि त्यांनी काय केले हे आपल्याला ठाऊक नाही, आणि मुख्य चौकात सामान्य लोक ओळखतील अशी माणसे असावीत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर बराच वाद झाला, पुतळे मात्र जागेवरच राहिले.

मला हे कारण पटत नाही. आम्हाला ते चांगले ठाऊक आहेत! ज्यांच्या देशात ते लढले ते लोक त्यांना ओळखतात आणि ज्यांच्यासाठी लढले ते विसरले, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. हलवायचे तर त्यांनी काय केले हे नीट सांगून हलवावे.

आपल्याकडे काय झाले तेही पाहू. मद्रासमध्ये याच नीलचा पुतळा होता. १९२७ मध्ये त्याविरुद्ध सत्याग्रह झाला, लोक तुरुंगात गेले, आणि १९३७ मध्ये राजाजींच्या सरकारने तो रस्त्यावरून हलवून संग्रहालयात ठेवला. मुंबईत १९६५ मध्ये ब्रिटिशांचे पुतळे रस्त्यांवरून हलवून भायखळ्याला राणीच्या बागेत नेले. त्यातच काळा घोडाही गेला, आणि नाव मात्र त्या परिसराला कायमचे चिकटून राहिले. अंदमानात ज्या बेटाला हॅवलॉकचे नाव होते त्याचे २०१८ मध्ये स्वराज द्वीप असे नामकरण झाले, आणि नीलच्या नावाचे बेट शहीद द्वीप झाले. सेल्युलर जेल पाहायला जाणारी मराठी कुटुंबे वर्षानुवर्षे त्या बेटावर उतरत होती. हॅवलॉक कोण, हे त्यांतील किती जणांना माहीत होते?

कऱ्हाकाठी

कोरांटी यांच्याशी पूर्ण सहमत. मद्रासच्या लोकांनी केले ते योग्य केले. पुतळा संग्रहालयात गेला की तो इतिहास होतो. चौकात उंच चौथऱ्यावर असतो तोवर तो आदर्श म्हणूनच उभा असतो.

पानगळ

मला येथे एक अडचण दिसते. मद्रासचा निर्णय मद्रासच्या लोकांनी घेतला, मुंबईचा मुंबईने. लंडनच्या चौकाचा निर्णय लंडनच्या लोकांनी घ्यायचा आहे, आणि त्या लोकांत आता लाखो भारतीय वंशाचेही आहेत. आपण पाहुणे म्हणून जाताना आपल्या हाती एवढेच आहे की जे कोरलेले आहे ते वाचावे आणि जे गाळले आहे ते बोलावे.

मातीचेपाय

नेपिअरच्या चौथऱ्याबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. त्या पुतळ्याचा शिल्पकार जॉर्ज गॅमन अ‍ॅडम्स, साल १८५६. चौथऱ्यावर असे नोंदले आहे की पुतळा लोकवर्गणीतून उभा राहिला आणि वर्गणी देणाऱ्यांत सर्वाधिक संख्या साध्या शिपायांची होती. हे वाक्य वाचून मी बराच वेळ तेथे थांबलो. नेपिअरने सिंधविषयी स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवले होते की, तो प्रांत घेण्याचा आपल्याला काही अधिकार नाही, तरीही आपण तो घेऊ आणि ती एक उपयुक्त लबाडी ठरेल. म्हणजे अन्याय आहे हे त्याला कळत होते आणि त्याने तो केला. दुसरीकडे साधे शिपाई त्याच्यावर प्रेम करत होते. सिंधमधील मियाणीच्या लढाईत १७ फेब्रुवारी १८४३ रोजी त्याच्या हाताखाली लढलेल्यांत मुंबई इलाख्याच्या सैन्यातील हिंदी पलटणी मोठ्या संख्येने होत्या. सिंध त्याने एकट्याने जिंकला नाही. आपल्या भागातील माणसांच्या खांद्यावरून तो जिंकला गेला.

म्हणून मला 'त्यांचे स्मारक' आणि 'आपले स्मारक' अशी सरळ रेघ ओढता येत नाही. भीमा कोरेगावचा स्तंभ कंपनीने १ जानेवारी १८१८ च्या लढाईतील आपल्या विजयासाठी बांधला. त्यावर महार सैनिकांची नावे कोरलेली आहेत, आणि १९२७ च्या १ जानेवारीला बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे जाऊन अभिवादन केले. कंपनीच्या मनात नसलेला अर्थ त्या दगडाला ज्यांची नावे त्यावर होती त्यांच्या वारसांनी दिला, आणि आज लाखो लोकांसाठी तोच खरा अर्थ आहे. स्मारक बांधणाऱ्याचा हेतू शेवटचा नसतो. सैनिकी स्मारकापुढे मी आधी सेनापतीचे नाव वाचत नाही, शिपायांची नावे आहेत का ते पाहतो. हॅवलॉकच्या चौथऱ्यावर पलटणी आहेत, माणसे नाहीत.

कऱ्हाकाठी

मातीचेपाय, कोरेगावचा मुद्दा वजनदार आहे आणि मी तो नाकारत नाही. पण तेथे मान मिळाला तो लढणाऱ्या माणसांना, वर बसलेल्या सेनापतीला नाही. हॅवलॉकविषयी माझे मत तेच राहील.

शाईचा_डाग

वायव्येचा चौथरा विसरू नका. १९९९ पासून त्यावर समकालीन शिल्पे ठरावीक काळासाठी ठेवली जातात. २०१० मध्ये यिंका शोनिबारे यांनी तेथे एका प्रचंड बाटलीत नेल्सनच्या व्हिक्टरी जहाजाची प्रतिकृती ठेवली होती आणि तिची शिडे आफ्रिकेत वापरल्या जाणाऱ्या रंगीत छापील कापडासारखी होती. ते कापड मुळात इंडोनेशियाच्या बाटिकवरून डचांनी यंत्रावर तयार केले आणि पश्चिम आफ्रिकेत विकले. नेल्सनच्या विजयामुळे समुद्र कोणासाठी मोकळा झाला आणि त्यावरून काय काय वाहिले गेले, याचे इतके नेमके विधान मी दुसरीकडे पाहिलेले नाही. ती बाटली आता ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहे. नेल्सनने ट्रफाल्गरला घातलेला, डाव्या खांद्याला गोळीचे भोक असलेला कोटही तेथेच आहे, आणि दोन्ही विनामूल्य पाहता येतात. माझ्या दृष्टीने या वादाचे अर्धे उत्तर त्या चौथ्या चौथऱ्याने दिले आहे: जुने पुतळे ठेवा आणि त्यांच्या शेजारी त्यांना प्रश्न विचारणारी जागा कायम मोकळी ठेवा.

वाटाड्या_मीच

दिवाळीच्या सुमारास याच चौकात मोठा सार्वजनिक उत्सव होतो. मी गेले होते तेव्हा साड्या नेसलेल्या बायका आणि लहान मुले दोन्ही सेनापतींच्या मधल्या जागेत नाचत होती. तेथे मला राग आला नाही, फार आनंद झाला. कऱ्हाकाठी यांना सुचवावेसे वाटते की त्यांनी एकदा त्या दिवशी तेथे यावे.

दर्यावर्दी

सैनिकी स्मारकांचाच विषय आहे तर आपल्या माणसांची नावे असलेले ठिकाणही पाहून या. चौकातून पॅल मॅलच्या बाजूने किंवा सेंट जेम्स पार्कमधून हाइड पार्क कॉर्नरकडे चालत गेलात तर अर्ध्या तासात कॉन्स्टिट्यूशन हिल येते. तेथे २००२ मध्ये उभारलेली स्मारक-द्वारे आहेत, दोन्ही महायुद्धांत लढलेल्या भारतीय उपखंड, आफ्रिका आणि कॅरिबियनमधील पन्नास लाख स्वयंसेवक सैनिकांसाठी. शेजारच्या छोट्या छत्रीच्या आत व्हिक्टोरिया क्रॉस आणि जॉर्ज क्रॉस ही सर्वोच्च शौर्यपदके मिळालेल्यांची नावे आहेत.

मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोघांना दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी, सर्व सहकारी पडल्यावर, एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चढाई केली आणि तेथेच ते धारातीर्थी पडले. त्यांचे वय २२ होते. नगर जिल्ह्यातील नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी जखमी सहकाऱ्यांना गोळीबारातून बाहेर काढले. भाचीला ही नावे छताकडे मान वर करून शोधायला सांगा.

पाटीपेन्सिल

मी शाळेत इतिहास शिकवते, म्हणून धागाकर्तीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. तो प्रश्न मधल्या चर्चेत मागे पडला आहे.

तेराचौदा वर्षांच्या मुलीला त्या पुतळ्यापुढे व्याख्यान देऊ नका. आधी तिला चौथऱ्याभोवती एक फेरी मारू द्या आणि जे कोरलेले आहे ते तिलाच वाचू द्या. मग तिला विचारा की यात कोणाची नावे आहेत आणि कोणाची नाहीत, पुतळ्याचे पैसे कोणी दिले असतील, आणि तो कोणाकडे पाहून उभा केला असेल. या वयाची मुले या प्रश्नांना फार चांगली उत्तरे देतात, कारण अन्यायाची जाण त्यांना मोठ्यांहून तीव्र असते. नानासाहेब आणि तात्या टोपे तिला पाठ्यपुस्तकातून माहीत असतील. तात्या येवल्याचे, नानासाहेब वेणगावचे, आणि दोघांची गाठ कानपूरला हॅवलॉकच्या फौजेशी पडली, एवढी जोडणी तिने स्वतः केली की बाकीचे तिच्या मनात आपोआप जागेवर बसेल.

एक मात्र आवर्जून करा. बीबीघर तिच्यापासून लपवू नका, आणि नीलही लपवू नका. वर्गात मी दोन्ही सांगते. आपल्या बाजूने झालेले क्रौर्य मान्य केले म्हणून आपल्या लढ्याचे मोल कमी होत नाही, हे मुलांना एकदा कळले की त्यांना दुसऱ्या कोणाच्याही पुतळ्याची भीती वाटत नाही.

मातीचेपाय

पाटीपेन्सिल यांचा प्रतिसाद या धाग्यातील सर्वांत उपयोगी प्रतिसाद आहे.

निळीशाई

मनःपूर्वक आभार. ठरले आहे: थांबणार, वाचणार, आणि भाचीला आधी बोलू देणार. कऱ्हाकाठी यांचा विरोधही तिला सांगणार आहे, कारण तोही तितकाच खरा आहे. थेम्सकाठ यांना एक व्यावहारिक प्रश्न आहे. आईचे गुडघे दुखतात, तिला पायऱ्या टाळायच्या आहेत. कोणत्या बाजूने यावे?

थेम्सकाठ

चेरिंग क्रॉसच्या बाजूने, म्हणजे दक्षिणेकडून या. चौक दक्षिणेकडे रस्त्याच्या पातळीला येतो, त्यामुळे हॅवलॉक आणि नेपिअर या दोघांपर्यंत एकही पायरी न चढता पोहोचता येते. आधी आग्नेयेचा हॅवलॉक, मग नेल्सनच्या दक्षिणेकडचे उठावचित्र, मग नेपिअर, असा क्रम ठेवा. समोर रस्त्याच्या मधोमध पहिल्या चार्ल्सचा अश्वारूढ पुतळा दिसेल. लंडनपासूनची अंतरे तेथून मोजतात. नंतर आईंना बाकावर बसवून भाचीला चौथ्या चौथऱ्याकडे न्या. सकाळी लवकर आलात तर गर्दी कमी असते आणि चौथऱ्यावरची अक्षरे निवांत वाचता येतात.

निळीशाई

फारच छान. आता आई म्हणते आहे की परत आल्यावर हिवाळ्यात कानपूर आणि बिठूरही पाहू. तेथे अलीकडे कोणी गेले असेल तर कृपया सांगावे.

जुनेकागद

मी जाऊन आलो आहे. नानाराव पार्क, मेमोरिअल चर्च, सतीचौरा घाट आणि बिठूर, हे सारे एका दिवसात धावतपळत होते, दोन दिवस ठेवलेत तर बरे. त्यासाठी स्वतंत्र धागा काढा, तेथे सविस्तर लिहितो.